आधी बॅटरी काढायची

१

आमच्या दुकानात कुठलंही यंत्र उघडायचं असलं तर आधी बॅटरी काढायची, हा पहिला नियम. दुसरा नियम पुठ्ठ्याचा. कापसाच्या बियाण्याच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा घ्यायचा, त्यावर पेनाने यंत्राचा आकार काढायचा आणि जो स्क्रू जिथून निघेल तो पुठ्ठ्यावर त्याच जागी खोचायचा. जोडताना पुठ्ठा रिकामा झाला की काम संपलं.

"स्क्रू सारखे दिसतात म्हून सारखे नसतात, आसिम," उस्ताद सांगायचे. "आखूडच्या भोकात लांब गेला का त्याचं टोक खाली बोर्डात घुसते. वरून काई दिसत नाई. आतून मशीन मरून राह्यते."

उस्ताद म्हणजे गुलाम नबी. आर्णीत बस स्टँडच्या मागे त्यांचं टिनाचं दुकान आहे. रेडिओपासून मोबाइलपर्यंत जे येईल ते आम्ही दुरुस्त करतो. मी आठवीत शाळा सोडली आणि त्यांच्याकडे आलो. माणसांशी बोलताना माझी जीभ जड होते. समोर यंत्र उघडं असलं की मात्र मला काही कमी पडत नाही. गेली काही वर्षं कापसाला वाईट गेली. कापसाला भाव नसला की लोक नवं घेत नाहीत, जुनं दुरुस्त करतात. त्यामुळे वाईट वर्षात आमचं दुकान चांगलं चालायचं. मी खुशीत असायचो, आणि त्या खुशीची मला थोडी लाजही वाटायची.

उस्तादांनी तरुणपणी वीस वर्षं कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये फिटरचं काम केलं होतं. तिथली रुई त्यांच्या छातीत बसली ती बसलीच. दिवसभर खोकला, आणि दुपारी पडद्यामागच्या तखतावर आडवे झाले की छातीतून घरघर. ते स्वतःच हसायचे. "माह्या छातीत कापसाची पऱ्हाटी उगवली रे. आता बोंडं फुटून राह्यली."

यंदाच्या हिवाळ्यात एका बुधवारी सकाळी आमच्या ओळखीची रुपालीताई लॅपटॉप घेऊन आली. जुना, जाड, काळा. तिचे मामा एका जिनिंगच्या ऑफिसात होते, तिथून त्यांना मिळालेला. तिला मारेगावकडे एका कॉम्प्युटर क्लासवर शिकवायचं काम लागलं होतं.

"सोमवारी हजर व्हाचं आहे चाचा, आणि लॅपटॉप आपला आपण आणा म्हणतात," ती म्हणाली. "हा दहा मिनिटात तापते आणि बंद पडते."

उस्तादांनी तो सुरू केला आणि कान लावला. आतला पंखा घरघरत होता. मधेच अडकायचा, मग खाकरल्यासारखा आवाज काढून पुन्हा फिरायचा.

उस्ताद हसता हसता खोकले. "अरे, हा तं माह्यासारखाच खोकलते! आम्ही एकाच जिनिंगचे दिसतो."

ताईही हसली. मग उस्तादांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "आसिम, हा तूच खोल. पुरा. मी पाहाले येत नाई."

लॅपटॉप एकट्याने उघडायची ती माझी पहिली वेळ होती.

२

दुपारी दीड वाजता उस्ताद जेवून पडद्यामागे गेले. पाच मिनिटांत घरघर सुरू झाली. रोजचाच आवाज. तो ऐकत मी काम करायचो.

मी लॅपटॉप उलटा केला, दोन खटके सरकवले. खट. बॅटरी हातात आली. मग पुठ्ठ्यावर आकार काढला आणि एकेक स्क्रू काढून खोचत गेलो. खालचं झाकण निघालं. तांब्याची पट्टी सोडवली, पंखा उचलला.

पंख्याखाली रुईची लादी होती. बोटभर जाड, रजईसारखी दाबून बसलेली, मधे सरकीचे काळे कण. मी चिमट्याने तिची कड धरली आणि हळूहळू ओढली. ती अख्खी निघाली, कुठेही न फाटता. असं अख्खं काही निघालं की मला फार बरं वाटतं.

लादी कोमट होती.

लॅपटॉप सकाळपासून बंद होता. पण दुपारची वेळ, वर टिन, त्यामुळे दुकानातली प्रत्येकच वस्तू कोमट असते. मी तिला कागदात गुंडाळून टोपलीत टाकली. ब्रशने पाती झाडली, चिपवरची जुनी पेस्ट पुसून नवी लावली. हे करता करता मला जाणवलं की दुकानात खूप शांतता आहे. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला, कोणीतरी दारव्ह्याच्या जीपला हाका मारत होतं. आत मात्र काही नव्हतं. पडद्यामागची घरघर थांबली होती.

उस्ताद कुशीवर वळले असतील, असं मला वाटलं.

जोडताना एक स्क्रू कमी पडला. पुठ्ठ्यावरून निसटून कुठेतरी घरंगळला असावा. मी टेबलाखाली शोधला, सापडला नाही. मग सुट्या स्क्रूंच्या डबीतून तसाच दिसणारा एक घेतला आणि पंख्याच्या डाव्या बाजूला बसवला. शेवटी थोडा घट्ट गेला.

चार वाजले होते. उस्ताद अडीचला उठतात आणि चहा मागतात. इतकी वर्षं त्यात कधी बदल झालेला मी पाहिला नव्हता. मी बॅटरी खाचेत सरकवली. खट.

पडद्यामागे तखत कुरकुरलं.

"या अल्ला," उस्तादांचा आवाज आला. "किती वाजले रे? दगडासारखा झोपलो!"

मी बटण दाबलं. पंखा फिरला तो इतका हलका की कान जवळ नेल्यावरच कळावं. उस्ताद बाहेर आले, त्यांनीही ऐकलं, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "वा मियाँ! हात गोड आहे तुहा."

त्या संध्याकाळी ते एकदाही खोकले नाहीत. हे मला घरी जाताना आठवलं.

३

गुरुवारी उस्तादांच्या बायको, जैबुनबी चाची, डबा घेऊन स्वतः आल्या. एरवी डबा उस्तादच घेऊन येतात.

"आसिम, यांले कोणतं औषध दिलं तू?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"मी? काही नाही, चाची."

"रात्रभर खोकला नाई! तीस वर्षं झाली लग्नाले, अशी रात्र पाह्यली नाई. घरात येवढी शांतता का मीच घाबरली. दोनदा उठून पाह्यलं, जित्ते आहेत का."

"हिले खोकल्याशिवाय झोप येत नाई," उस्ताद म्हणाले. "आता रेडिओ लावून द्या लागते हिले."

"तुमचा रेडिओच बरा होता," चाची म्हणाल्या, पण तोंडभर हसत होत्या.

त्या सकाळी उस्ताद मशिदीपासून दुकानापर्यंत कुठेही न थांबता आले होते. चेहऱ्यावर रंग होता. फक्त बोलता बोलता डावा हात छातीखाली नेऊन बरगडी चोळत होते.

"काय झालं, उस्ताद?"

"काई नाई. सुईसारखं टोचते. गॅस असन."

चाची गेल्यावर मी दुकान झाडलं. टेबलाच्या पायाशी, फळीच्या फटीत, काल हरवलेला स्क्रू सापडला. डबीतून तसलाच दुसरा काढून मी त्याच्याशेजारी धरून पाहिला. डबीतला ज्वारीच्या दाण्याएवढा जास्त लांब होता.

म्हणजे आखूडच्या भोकात लांब गेला होता. पंख्याच्या डाव्या बाजूला.

उस्तादांनी जी चूक करू नको म्हणून सर्वांत जास्त वेळा सांगितलं होतं, तीच मी पहिल्या लॅपटॉपमध्ये केली होती. त्या वेळी मला एवढंच दिसलं. लाजेने कान तापले. सांगून टाकायला हवं होतं, पण काल पाठीवर पडलेली थाप अजून ताजी होती. ते झोपले की गुपचूप बदलू, असं मी ठरवलं.

४

पण दुपारी ते झोपलेच नाहीत.

"आज झोपच नाई रे! वीस वर्षांचा झाल्यासारखं वाटून राह्यलं," म्हणत ते जेवण झाल्यावर काउंटरपाशी खुर्चीत बसले. हातात चहाचा ग्लास. समोर एक मोबाइलवाला गिऱ्हाईक होता, त्याला जुने किस्से सांगायला लागले. तो उठून गेला तरी किस्सा थांबला नाही. मग मीच ऐकायला उरलो.

मी त्यांच्याकडे पाठ करून टेबलाशी बसलो होतो. लॅपटॉप उलटा करून ठेवला होता. त्यांना दिसणार नाही असं बसून निदान बॅटरी काढून ठेवावी, म्हणजे पुढचं काम पटकन होईल, असा माझा विचार होता.

"...तं तो पाटील म्हणते, रेडिओतून बाई गाते ते ठीक आहे, पण मधातच कुरकुर कोण करते? मी रेडिओ उलटा केला, मांगचं झाकण खोललं, आणि आतून..."

खट.

किस्सा तिथेच थांबला.

पुढचा शब्द येईल म्हणून मी थोडा थांबलो. आला नाही. मी मागे वळून पाहिलं. उस्तादांची हनुवटी छातीवर टेकली होती. डोळे मिटलेले. ग्लास हातातच होता, पण तिरपा झाला होता आणि चहाची धार त्यांच्या पायजम्यावर पडत होती. चहा गरम होता. त्यातून वाफ निघत होती. त्यांचा पाय हलला नाही.

माझ्या हातात बॅटरी होती. मी ती परत सरकवली.

खट.

"...झुरळ निघालं!" उस्ताद म्हणाले आणि मोठ्याने हसले. मग त्यांनी खाली पाहिलं. "अबे! हा चहा कसा सांडला? चटका बसला नं बावा!"

मी फडकं दिलं. देताना मी त्यांच्या बोटांना स्पर्श होऊ दिला नाही.

म्हातारी माणसं बोलता बोलता डुलकी घेतात. माझे आजोबा घ्यायचे. हे मी मनाला नीट समजावलं. पुन्हा एकदा बॅटरी काढून पाहिली असती तर लगेच खरंखोटं झालं असतं. हात खटक्यापर्यंत गेलाही होता. मी तो मांडीखाली दाबून बसलो.

५

शुक्रवारी टोचणं वाढलं. उस्ताद मस्करी करत होते, पण डावीकडे किंचित वाकून चालत होते. जुम्म्याच्या नमाजात कपाळ टेकल्यावर त्यांना सजद्यातून उठायला वेळ लागला. मी मागच्या रांगेत होतो, मला दिसलं.

दुकानात परत आल्यावर मी म्हणालो, "उस्ताद, डॉक्टरकडे जाऊ."

"गॅससाठी डॉक्टर? मग आंघोळीले इंजिनियर बोलाव," ते म्हणाले आणि पडद्यामागे आडवे झाले. "थोडा पडतो. तू कर काम. उद्या पोरगी येईन."

लॅपटॉप चालत होता. आतला स्क्रू असाच ठेवून दिला असता तरी रुपालीताईला कळलं नसतं. पण मला ते टोक दिसत होतं, बोर्डात रुतलेलं. आणि पडद्यामागून उस्ताद दर थोड्या वेळाने श्वास अर्धाच घेत होते, पुढचा अर्धा टोचत असल्यासारखा.

स्क्रू काढायचा तर झाकण काढावं लागणार. झाकण काढायचं तर आधी बॅटरी. बॅटरी न काढता उघडलं आणि पेचकस चुकून बोर्डाला लागला तर बोर्ड जळतो. तेव्हा काय जळेल, याचा विचार करायची माझी तयारी नव्हती.

मी पुठ्ठा काढला. पेचकस, चिमटा, तो आखूड स्क्रू, सगळं उजव्या हाताशी मांडलं. बिस्मिल्ला म्हटलं.

खट.

पडद्यामागचा अर्धा श्वास अर्धाच राहिला.

मी उठून आत गेलो. उस्ताद उताणे पडले होते. मी त्यांच्या नाकासमोर हात धरला. हाताला वारा लागला, पण वर पंखा चालू होता. तो वारा कोणाचा, ते मला कळेना. पंखा बंद करून पाहायची हिंमत झाली नाही. मी परत टेबलाशी येऊन बसलो.

घाई केली की स्क्रू सटकतो, डोकं झिजतं आणि मग तो निघतच नाही. म्हणून मी घाई केली नाही. एक काढायचा, खोचायचा. दुसरा काढायचा, खोचायचा. भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. झाकण निघालं. तो लांब स्क्रू मी उलटा फिरवू लागलो तर तो जागचा हलेना. मग एकदम सैल झाला आणि वर आला. त्याच्या टोकाखाली हिरव्या बोर्डावर मोहरीएवढा खळगा पडला होता.

त्याच क्षणी पंख्याचं पातं हललं.

पाव वळसा. हळू. बॅटरी माझ्या डाव्या कोपराजवळ पडली होती, वायर कुठेच लावलेली नव्हती. पातं थांबलं आणि पडद्यामागे कोणीतरी खोल, लांब, पूर्ण श्वास आत घेतला. एकच. तो बाहेर आल्याचं मला ऐकू आलं नाही.

मी पंख्याखाली टॉर्च धरला. बुधवारी तिथे मी सगळं चकाचक पुसून काढलं होतं. आता तिथे रुई होती. जुनी, मळकी नव्हे. आत्ताच बोंड तडकावं तशी पांढरी आणि दमट, चिंचोक्याएवढी. ती वर उचलली जात होती आणि खाली बसत होती.

ब्रश माझ्या हातात होता. धूळ दिसली की हात आपोआप पुढे जातो, इतक्या वर्षांची ती सवय आहे. मी ब्रश खाली ठेवला. टॉर्च बंद केला. आखूड स्क्रू त्याच्या भोकात बसवला, मऊ गेला. मग बाकीचे बसवले. पुठ्ठा रिकामा झाला.

खट.

"आसिम," आतून उस्तादांचा आवाज आला, "चहा सांग रे. आणि आज दोन बिस्किटं जास्तीची सांग. गॅस गेला वाटते."

मी चहा सांगायला बाहेर गेलो आणि टपरीच्या मागे जाऊन थोडा वेळ उभा राहिलो.

६

शनिवारी रुपालीताई आली, ती मारेगावला निघायच्या तयारीनेच. पाठीवर बॅग, हातात पिशवी. मला तिला सांगायचं होतं की हा दुरुस्त होत नाही. रात्रभर मी ते वाक्य पाठ केलं होतं. पण माझ्याआधी उस्तादांनीच लॅपटॉप सुरू करून तिच्यापुढे ठेवला.

"ऐक. आवाज येते का? नाई येत! हे या पोट्ट्यानं केलं. बोलत नाई तो, पण हात बोलते त्याचा."

"खरंच आसिमभाऊ, नवा झाला!" ती म्हणाली.

मी तिच्या चपलांकडे पाहत म्हणालो, "ताई, बॅटरी काढत जाऊ नका. बॅटरी संपू पण देऊ नका. चाळीस मिनिटं चालते फक्त."

"आता तिकडं लोडशेडिंग सहा सहा तास. संपनच नं भाऊ."

"मग चार्जिंग... लाइन आली की लगेच लावा. रुईजवळ ठेवू नका, गादीवर ठेवू नका. आणि कुठे उघडायला देऊ नका. काही झालं तर मला फोन करा, मी येईन."

एवढं मी कधीच कोणाशी बोललो नव्हतो. ताई उस्तादांकडे पाहून हसली. "चाचा, हे तं लेकरू सासरी पाठवल्यासारखं सांगून राह्यले!"

"इथंच राहू द्या ना थोडे दिवस," मी म्हणालो. "अजून तपासतो."

"काहून?" उस्तादांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "काम झालं नं? मग गिऱ्हाइकाची वस्तू गिऱ्हाइकाले. पोरीची नोकरी आहे त्याच्यावर."

त्यांचं बरोबर होतं. तिने लॅपटॉप बॅगेत घातला. उस्ताद तिला स्टँडपर्यंत सोडायला गेले, तिची पिशवी स्वतः उचलून, झपझप. जीप सुटली तेव्हा ते लांबूनच मला हात करत होते.

७

याला आता दोन महिने झाले. उस्ताद एकदाही खोकले नाहीत. चेहरा भरला, आवाज मोठा झाला. सकाळी माझ्याआधी दुकानात हजर असतात. चाचींनी दर्ग्यावर चादर चढवली. आम्ही दोघं समोरासमोर बसून काम करतो, ते झुरळाचे किस्से सांगतात, मी ऐकतो. मी आयुष्यात इतका खूश कधी नव्हतो, हे खरं आहे.

फक्त अधूनमधून त्यांना भलत्या वेळी झोप लागते. कधी अकराला, कधी चारला, दगडासारखी. वय झालं, असं चाची म्हणतात. मी दर आठवड्याला रुपालीताईला फोन करतो. "लाइन किती वाजता गेलती?" विचारतो. ती सांगते ती वेळ आणि उस्तादांना झोप लागल्याची मी पाहिलेली वेळ, यांत चाळीस मिनिटांचा फरक निघतो. दरवेळी नाही. एकदा पंचेचाळीस निघाला होता. त्या एका वेळेला धरून मी बरेच दिवस निवांत राहिलो.

काल अकराच्या सुमारास तिचाच फोन आला. फोन काउंटरवर होता. उस्तादांनी उचलून स्पीकरवर टाकला. त्यांना मोठ्याने बोलायला आवडतं आता. त्यांच्या उजव्या हातात नुकताच आलेला चहा होता.

"चाचा, सलाम! आसिमभाऊ आहेत का?" मागे पोरांचा गलका चालला होता. "मले क्लासनं नवा लॅपटॉप देल्ला. म्हून या जुन्यावर आज पोरांले शिकवून राह्यली, आत काय काय असते ते. वीस पोरं आहेत, एकेक भाग सगळ्यायच्या हातात देतो. पेचकस घेऊन बसलोच आहो आम्ही. फक्त सुरुवात सांगा भाऊ, पहिले काय काढाचं असते?"

मी उठलो. "ताई, थांबा," म्हणालो. पण तो आवाज माझ्या गळ्यातच राहिला, नेहमीसारखा.

उस्तादांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. मग फोन तोंडाजवळ धरला आणि छाती भरून, खणखणीत आवाजात म्हणाले, "हे तं मी पण सांगतो, बेटा! आधी बॅटरी काढायची!"

"ऐकलं का रे पोरांहो?" ती तिकडे म्हणाली.

मी पुढे झालो आणि त्यांच्या हातातला चहाचा ग्लास काढून घेतला.